कॅनडातली इंग्रजी आणि फ्रेंच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाला निघालेली मराठी मंडळी, मुलांच्या शाळेसाठी गाव ठरवणारे आईबाप, पुण्या-मुंबईत फ्रेंचच्या क्लासला जाणारी मुलं, आणि नुसत्या कुतूहलापोटी विचारणारे, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. राजधानी ओटावात राहून, नदीच्या एका काठावर इंग्रजी आणि दुसऱ्या काठावर फ्रेंच ऐकत जे समजलं ते इथे मांडलं आहे. इमिग्रेशनचे नियम वरचेवर बदलतात. अर्ज भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ते एकदा ताडून पाहा.

कॅनडात सगळ्यांना दोन्ही भाषा येतात का?

नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलता येतात असं सांगणारे अवघे १८ टक्के होते. क्वेबेक या फ्रेंचबहुल प्रांतात हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या वर आहे, क्वेबेकबाहेर साडेनऊ टक्के. कॅल्गरीत माणूस फ्रेंचचा एक शब्दही न बोलता अख्खा जन्म काढतो, आणि क्वेबेकच्या सागने भागात कित्येकांचं इंग्रजीवाचून काही अडत नाही.

मग हा कसला द्विभाषिक देश, असं लोक लगेच विचारतात. द्विभाषिक आहे ते केंद्र सरकार. नागरिकाने आपल्या एका भाषेत जगावं आणि सरकारने त्याच्याशी त्याच भाषेत बोलावं, यासाठी ही सगळी मांडणी आहे. दोन भाषा शिकण्याचं ओझं माणसाच्या डोक्यावरून उतरवून कचेरीच्या डोक्यावर ठेवलं आहे. एवढं ध्यानात आलं की पुढचे निम्मे प्रश्न सोपे होतात.

'अधिकृत भाषा' म्हणजे कायद्याने नेमकं काय मिळतं?

सुरुवात १८६७ च्या राज्यघटना कायद्यातल्या १३३ व्या कलमापासून होते. त्याने संसदेत आणि क्वेबेकच्या विधिमंडळात दोन्ही भाषांत बोलायची मुभा दिली, कायदे दोन्हींत छापायला लावले आणि केंद्राच्या व क्वेबेकच्या न्यायालयांत दोन्ही भाषा चालतील असं ठरवलं. एवढंच. पोस्टात, कस्टममध्ये, पेन्शनच्या कचेरीत कुठली भाषा चालेल याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. ती उणीव १९६९ च्या अधिकृत भाषा कायद्याने भरून काढली. पिएर ट्रुडो तेव्हा पंतप्रधान होते. १९८२ च्या हक्कांच्या सनदेने दोन्ही भाषांची बरोबरी राज्यघटनेत नेऊन बसवली, म्हणजे एखाद्या सरकारच्या लहरीवर ती जाणार नाही. १९८८ मध्ये कायदा नव्याने लिहिला गेला. २०२३ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली आणि फ्रेंच ही कॅनडात व उत्तर अमेरिकेत अल्पसंख्याकांची भाषा आहे, तिला जपावं लागेल, हे कायद्यानेच मान्य केलं.

केंद्रीय कायद्याचा इंग्रजी मजकूर मूळ आणि फ्रेंच मजकूर त्याचं भाषांतर, असं तिथे मानत नाहीत. दोन्ही मजकूर मूळच. एका भाषेतलं वाक्य दोन अर्थांचं निघालं तर न्यायाधीश दुसऱ्या भाषेतलं वाक्य समोर ठेवून दोन्हींना समान असलेला अर्थ शोधतात. कित्येक खटल्यांचा निकाल फ्रेंच मजकुरातल्या एका नेमक्या शब्दाने फिरला आहे.

आणि खिडकीवरचा अनुभव. ओटावातल्या केंद्राच्या कचेरीत तुम्ही पुढे गेलात की कर्मचारी तोंड उघडताच म्हणतो, "हॅलो, बोंजूर." ही निव्वळ रीतभात नव्हे, तो नियम आहे. फ्रेंच मागायची वाट न पाहता आधीच देऊ करायची. यामागे फार शहाणपण आहे असं मला वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या जिला नकार मिळाला ती व्यक्ती स्वतःहून मागत नाही. समोरच्याला त्रास नको म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत काम उरकून घरी जाते.

हा नियम केंद्रापुरता आहे, आणि केंद्राच्याही प्रत्येक कचेरीला लागू नाही. राजधानीच्या परिसरात तो हमखास लागू, इतर ठिकाणी त्या भागात दुसऱ्या भाषेची पुरेशी मागणी आहे का हे पाहतात. प्रांत आपापलं ठरवतात. खासगी दुकानदाराला केंद्राचा हा कायदा लागू नाही. मात्र पाकिटांवरची मूलभूत माहिती दोन्ही भाषांत असावी लागते, हे १९७० च्या दशकापासूनचं. आमच्या घरी ओट्सचा डबा फिरवून ठेवला की फ्रेंच बाजू समोर येते. पोरांनी भाषेचे पहिले धडे गिरवले ते या डब्यावर, दुधाच्या पिशवीवर आणि टूथपेस्टच्या खोक्यावर.

फ्रेंच तिथे आली कुठून?

सामुएल द शांप्लँने १६०८ मध्ये क्वेबेक शहर वसवलं, तेव्हापासून सेंट लॉरेन्स नदीच्या काठी फ्रेंच शेतकरी वस्ती करून आहेत. पूर्व किनाऱ्यावर अकादी नावाची त्यांची दुसरी वसाहत होती. १७५५ मध्ये इंग्रजांनी अकादीच्या लोकांना गावंच्या गावं रिकामी करून जहाजांत कोंबलं आणि देशोधडीला लावलं. अकादियन घरांत त्याची आठवण आजही ताजी आहे. १७५९ मध्ये क्वेबेक शहर पडलं, १७६३ च्या तहाने सगळा मुलूख ब्रिटिशांकडे गेला. पण तिथली प्रजा फ्रेंच बोलणारी आणि कॅथलिक. शेजारच्या अमेरिकी वसाहतींत असंतोष धुमसत असताना हिलाही दुखवणं ब्रिटिशांना परवडणारं नव्हतं. म्हणून १७७४ च्या क्वेबेक कायद्याने तिचा धर्म आणि दिवाणी कायदा तसाच राहू दिला. भाषा टिकली त्याचं मूळ इथे आहे.

मग १९६९ पर्यंत का थांबावं लागलं?

या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देववत नाही.

पोस्टाच्या तिकिटावर दोन्ही भाषा आल्या त्या १९२७ मध्ये. बँक ऑफ कॅनडाच्या नोटा १९३५ मध्ये निघाल्या तेव्हा इंग्रजी वेगळ्या, फ्रेंच वेगळ्या. एका नोटेवर दोन्ही भाषा १९३७ पासून. संसदेत बसल्या जागी कानावर भाषांतर ऐकू येण्याची सोय १९५९ मध्ये झाली. त्याआधी फ्रेंच खासदार भाषण करायचा आणि समोरच्या बाकांवरच्या बहुतेकांना त्यातलं अवाक्षर कळायचं नाही. सरकारी धनादेश दोन्ही भाषांत १९६२ पासून. वाक्या-वाक्याला भांडून मिळालेल्या या गोष्टी आहेत.

प्रांतांत तर उलटीच गंगा होती. ऑन्टारिओने १९१२ मध्ये 'नियम १७' काढला आणि फ्रेंच माध्यम पहिल्या दोन इयत्तांच्या पुढे जवळजवळ बंद केलं. ओटावाच्या गीग शाळेत देलोज आडनावाच्या दोन बहिणी शिकवत होत्या. त्यांनी ऐकलं नाही. त्यांना हटवायला माणसं येणार हे कळल्यावर जानेवारी १९१६ मध्ये पोरांच्या आया शाळेच्या दाराशी पहाऱ्याला बसल्या. त्या काळी बायका टोपी केसांत अडकवायला लांब टाचण्या वापरत. त्याच हातात घेऊन त्यांनी दार राखलं, आणि इतिहासात ही 'टोपीच्या टाचण्यांची लढाई' म्हणून ओळखली जाते. कडाक्याच्या थंडीत पोरांच्या भाषेसाठी उभ्या राहिलेल्या त्या आया डोळ्यांसमोर आल्या की गळा दाटून येतो. १९२७ मध्ये सरकारने त्या नियमाची अंमलबजावणी सोडून दिली.

मॅनिटोबाची गोष्ट त्याहून लांबली. १८७० मध्ये प्रांत स्थापन झाला तो दोन्ही भाषांच्या हमीवर. १८९० मध्ये विधिमंडळाने फ्रेंच मोडीत काढली आणि नव्वद वर्षं तसंच चाललं. १९७६ मध्ये सेंट बोनिफेसच्या जॉर्ज फॉरेस्ट यांना गाडी लावल्याबद्दल दंडाची पावती मिळाली, ती फक्त इंग्रजीत. दंड भरून मोकळं होता आलं असतं. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७९ मध्ये जिंकले; १८९० चा कायदा घटनाबाह्य ठरला. मग १९८५ मध्ये न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं : नुसत्या इंग्रजीत केलेले प्रांताचे सगळे कायदे अवैध, पण अराजक माजू नये म्हणून भाषांतर होईपर्यंत तात्पुरते चालू. एका पावतीवरून अख्ख्या प्रांताची कायद्याची कपाटं पुन्हा लिहावी लागली.

क्वेबेकमध्येही फ्रेंच माणूस आपल्याच घरात दुय्यम होता. मॉन्ट्रियलच्या कारखान्यांत साहेबाची भाषा इंग्रजी, मजुराची फ्रेंच. रस्त्यात फ्रेंच बोलणाऱ्याला "गोऱ्यांची भाषा बोल" असं हिणवलं जाई. १९६३ मध्ये नेमलेल्या लोरांदो-डंटन आयोगाने आकडे मांडले, तेव्हा क्वेबेकमध्येच फ्रेंच वंशाच्या लोकांची कमाई बहुतेक सगळ्या समाजांच्या खाली निघाली. देश फुटण्याच्या वाटेवर आहे, हे त्या आयोगाने स्पष्ट लिहिलं. १९६९ चा कायदा त्या धक्क्यातून आला.

क्वेबेक प्रांत द्विभाषिक आहे ना?

हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. क्वेबेकची अधिकृत भाषा एकच, फ्रेंच, आणि ती १९७४ पासून. २६ ऑगस्ट १९७७ ला रने लेवेक यांच्या सरकारने फ्रेंच भाषेची सनद मंजूर केली. लोक तिला आजही 'कायदा १०१' म्हणतात. शाळा, पाट्या, कामाची भाषा, सरकारी व्यवहार, सगळीकडे फ्रेंच पहिली. २०२२ च्या 'कायदा ९६' ने ती आणखी घट्ट केली. त्यानुसार नव्याने आलेल्या स्थलांतरिताशी प्रांत सरकार सहा महिन्यांनंतर फ्रेंचमध्येच पत्रव्यवहार करतं. आरोग्य, सुरक्षा अशा बाबींत सूट आहे.

बाहेरून हे कडक वाटतं. मलाही आधी वाटायचं. पण १९७७ च्या आधीचं मॉन्ट्रियल पाहा : तिथे येणारी इटालियन, ग्रीक, पोर्तुगीज कुटुंबं मुलांना बहुतेक इंग्रजी शाळेत घालत, कारण नोकरी इंग्रजीत होती. फ्रेंच घरांत मुलं कमी होत चालली होती. आणखी दोन पिढ्या तसंच चाललं असतं तर शहर हातचं गेलं असतं. आज त्याच स्थलांतरितांची नातवंडं घरची भाषा, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत सहज वावरतात. कायद्यातली काही कलमं मला जाचक वाटतात, पण त्यामागची भीती खरी आहे.

दुकानांच्या पाट्यांचा काय नियम आहे?

१९७७ च्या सनदेने दुकानांच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये असाव्यात असं म्हटलं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवलं, पण फ्रेंचला ठळक प्राधान्य देण्याचा नियम चालू शकेल असंही सुचवलं. क्वेबेक सरकारने आधी राज्यघटनेतलं अपवादाचं कलम वापरून निकाल बाजूला सारला, बराच वादंग झाला, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने दाखवलेली वाट धरली : दुसरी भाषा चालेल, पण फ्रेंच डोळ्यांत भरेल अशी हवी. व्यवहारात याचा अर्थ फ्रेंच मजकुराला दुप्पट जागा. १ जून २०२५ पासून ब्रँडचं इंग्रजी नाव लावणाऱ्या दुकानांनाही दर्शनी भागावर हे पाळावं लागतं. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असं सांगितलं. क्वेबेकने बरोबरीवर न थांबता दुप्पट मागितलं.

अंमलबजावणीत अतिरेकही झाला. २०१३ मध्ये मॉन्ट्रियलमधल्या एका इटालियन हॉटेलला मेनूवर 'पास्ता' शब्द लिहिल्याबद्दल पत्र गेलं. जगभर चर्चा झाली, भाषा कार्यालयाला माघार घ्यावी लागली. अशा एका पत्राने फ्रेंचच्या बाजूचं जेवढं नुकसान केलं, तेवढं तिच्या विरोधकांनाही जमलं नसतं.

रस्त्यावरची लाल अष्टकोनी पाटी मात्र लक्षात राहते. फ्रान्समध्ये तिच्यावर 'स्टॉप' असतं. क्वेबेकमध्ये 'आरे'.

मग खराखुरा द्विभाषिक प्रांत कुठला?

न्यू ब्रन्सविक, आणि तो एकटाच. तिथले साधारण ३० टक्के लोक फ्रेंच भाषक, बहुतेक त्या १७५५ मध्ये उखडून टाकलेल्या अकादियनांचे वंशज. लुई रोबिशो यांच्या सरकारने १९६९ मध्येच प्रांताचा स्वतःचा भाषा कायदा केला. १९९३ मध्ये राज्यघटनेत भर पडली : इंग्रजी आणि फ्रेंच हे दोन्ही समाज समान, आणि दोघांना आपापल्या शिक्षण व सांस्कृतिक संस्थांचा हक्क. मंक्टन शहरात तरुण पोरं एकाच वाक्यात दोन्ही भाषा कालवून 'शियाक' बोलतात. व्याकरण फ्रेंच, क्रियापदं निम्मी इंग्रजी. जुनी माणसं नाकं मुरडतात, मला ऐकायला गोड वाटतं.

क्वेबेकबाहेर फ्रेंच बोलणारे कितपत आहेत? त्यांचं कसं चालतं?

दहा लाखांच्या आसपास. ऑन्टारिओत सर्वात जास्त, मग न्यू ब्रन्सविक, मग पश्चिमेकडे विखुरलेले. कॅनडाच्या भाषाधोरणाची खरी कसोटी या लोकांवर लागते, क्वेबेकच्या लोकांवर नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे १९८२ च्या हक्कांच्या सनदेचं २३ वं कलम. ज्या नागरिक आईबापांची पहिली भाषा फ्रेंच आहे किंवा ज्यांनी कॅनडात प्राथमिक शिक्षण फ्रेंचमध्ये घेतलं आहे, त्यांना मुलांसाठी फ्रेंच शाळा मिळण्याचा हक्क आहे. विद्यार्थी पुरेसे असतील तिथे सरकारी खर्चाने. अल्बर्टातल्या काही पालकांनी तो लढवला. १९९० च्या माहे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळा नुसती देऊन भागणार नाही, तिचा कारभारही त्या समाजाच्या हाती हवा. २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या खटल्यात आणखी स्पष्ट केलं : मुलं थोडी आहेत म्हणून डुगडुगत्या खोलीत शाळा भरवली, हे चालणार नाही, दर्जा इंग्रजी शाळेच्या तोडीचा पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या '३५० क' कलमाने राज्यांनी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यासाठी प्रयत्नशील राहावं असं म्हटलं आहे. प्रयत्नशील राहणं आणि हक्क असणं यातला फरक बेळगावातल्या मराठी पालकांना मुद्दाम समजावून सांगायला नको.

दुसरी आठवण मोंफोर रुग्णालयाची. ओटावातलं हे रुग्णालय ऑन्टारिओत फ्रेंचमधून चालणारं एकमेव. १९९७ मध्ये प्रांताच्या आयोगाने ते बंद करा म्हटलं. जिझेल लालोंद यांच्या पुढाकाराने दहा हजार लोक सभेला जमले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये रुग्णालय वाचलं. पोटात दुखतंय तर ते कुठे, कसं, कधीपासून हे माणूस आपल्या भाषेत सांगू शकतो. वेदनेला दुसऱ्या भाषेत शब्द सापडत नाहीत, हे आपल्या आजीला दवाखान्यात नेलेल्या कुणालाही पटेल.

एवढं असूनही रोजच्या व्यवहारात इंग्रजी सरशी करते. नदीपलीकडे, क्वेबेकच्या हद्दीतल्या गॅटिनोमध्येसुद्धा. तिथे एका बैठकीला मी गेलो होतो. टेबलाभोवती नऊजण, आठ फ्रेंच भाषक. मी आत आलो, कुणी काही बोललं नाही, आणि पुढचं वाक्य इंग्रजीत सुरू झालं. दीड तास आठ माणसं माझ्या एकट्यासाठी आपली भाषा बाजूला ठेवून बोलली. जाताना एक वयस्कर बाई म्हणाल्या, "सवय आहे आम्हाला." ते ऐकून मी फ्रेंचच्या वर्गाला नाव घातलं.

क्वेबेकमधल्या इंग्रजी भाषकांना काही हक्क आहेत का?

आहेत. ते दहा लाखांहून जास्त आहेत, बहुतेक मॉन्ट्रियलच्या परिसरात. त्यांच्या शाळा, मॅकगिलसारखी विद्यापीठं, रुग्णालयं आहेत. नवे कायदे आले की त्यांना धास्ती वाटते, आणि गावाकडच्या म्हाताऱ्या इंग्रजी भाषकांना ती फार जाणवते. पण अख्खा खंड ज्यांची भाषा बोलतो त्यांची भाषा मरण्याचं भय नाही. दोन्ही अल्पसंख्याकांना एकाच तराजूत तोलू नये असं मला वाटतं.

आम्ही मॉन्ट्रियलला चाललोय. मुलांना इंग्रजी शाळेत घालता येईल का?

कायमचं राहायला जात असाल तर सरकारी शाळा फ्रेंचच. आई किंवा वडील यांचं प्राथमिक शिक्षण मुख्यतः कॅनडात इंग्रजीतून झालं असेल तरच इंग्रजी शाळेचा दाखला मिळतो. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाचा इथे उपयोग नाही. तात्पुरत्या परवान्यावर काम करायला किंवा शिकायला गेलेल्यांच्या मुलांना सूट मिळू शकते, पण २०२२ पासून ती जास्तीत जास्त तीन वर्षं. सरकारी अनुदान अजिबात न घेणाऱ्या खासगी शाळांना हे बंधन नाही. फी भरमसाट असते.

फ्रेंच शाळेत नव्या मुलांसाठी सुरुवातीला स्वागतवर्ग असतात, त्यात आधी भाषा शिकवतात. पहिले काही महिने मूल गप्प गप्प होतं, आईबापांचा जीव टांगणीला लागतो. धीर धरा. लहान मुलांची जीभ लवकर वळते. वर्ष-दोन वर्षांत तेच तुमच्यासाठी दुकानात दुभाष्याचं काम करू लागतं.

'फ्रेंच इमर्शन' म्हणजे काय?

इंग्रजी घरातल्या मुलांना शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवायचे, ही पद्धत. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात ती सुरू झाली, आणि सुरू केली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी. आपली मुलं शेजाऱ्यांशी बोलू शकत नाहीत याची त्यांना खंत होती. मॅकगिलचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मुलांचं इंग्रजी मागे पडत नाही हे दिसलं आणि पद्धत देशभर पसरली. आज क्वेबेकबाहेर अनेक मराठी कुटुंबं मुलांना यात घालतात. एक लक्षात ठेवा : इमर्शनची शाळा वेगळी आणि २३ व्या कलमाखालची फ्रेंच शाळा वेगळी. नाव नोंदवताना लोक हमखास गोंधळतात.

कॅनडाला जाण्यासाठी फ्रेंच शिकण्याचा खरंच फायदा होतो का?

होतो, आणि चांगलाच. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर स्थलांतरित निवडण्याच्या केंद्राच्या पद्धतीत, फ्रेंचच्या चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी गाठली आणि इंग्रजीही बरी असली तर ५० जादा गुण मिळतात. शिवाय २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या निवडफेऱ्या होतात, आणि त्या इतरांपेक्षा बऱ्याच कमी गुणांवर थांबतात. क्वेबेकबाहेर फ्रेंच भाषक वाढावेत हा त्यामागचा हेतू.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. दहावीला फ्रेंच घेऊन ९५ गुण मिळाले म्हणजे ही पातळी आली असं नाही. सातवी पातळी साधारण युरोपीय मोजपट्टीवरच्या बी-२ च्या जवळ जाते, आणि नोकरी सांभाळून तिथे पोचायला दीड-दोन वर्षं सहज लागतात. दुसरं, केंद्राच्या अर्जाला 'देल्फ' या फ्रान्सच्या सरकारी परीक्षेचं प्रमाणपत्र चालत नाही. 'तेफ कानादा' किंवा 'तेसेफ कानादा' परीक्षाच द्यावी लागते. 'देल्फ' दिलेल्या कितीतरी जणांना हे फार उशिरा समजतं.

नागरिकत्वासाठी मात्र दोन्ही भाषा लागत नाहीत. १८ ते ५४ वयाच्या अर्जदाराला कोणतीही एक पुरते.

सरकारी नोकरीला दोन्ही भाषा लागतात का?

सगळ्या जागांना नाही. प्रत्येक जागेवर लिहिलेलं असतं : फक्त इंग्रजी, फक्त फ्रेंच, दोहोंपैकी कुठलीही, किंवा दोन्ही. द्विभाषिक जागेसाठी वाचन, लेखन आणि बोलणं यांच्या परीक्षा असतात, पातळ्या ए, बी, सी. ओटावात 'सीबीसी' म्हटलं की आकाशवाणीसारखी ती संस्था आठवण्याआधी कर्मचाऱ्यांना आपली भाषापातळी आठवते : वाचन सी, लेखन बी, बोलणं सी. त्याशिवाय वरच्या हुद्द्यावर जाणं अवघड. द्विभाषिक जागेवरच्या बहुतेकांना वर्षाला ८०० डॉलर भत्ता मिळतो, आणि १९७० च्या दशकापासून तो तेवढाच आहे. २०२३ च्या सुधारणेने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही दुभाष्याशिवाय दोन्ही भाषा समजल्या पाहिजेत असं ठरवलं.

तिथली फ्रेंच पॅरिससारखी असते का?

उच्चार ऐकून पुण्यात शिकलेला माणूस पहिल्या दिवशी हबकतो. शब्दही वेगळे. गाडीला 'शार', खरेदीला जाण्याला 'मागाझिने', कोपऱ्यावरच्या दुकानाला 'देपानर', म्हणजे शब्दशः अडलेल्याची नड भागवणारा. जेवणांची नावंही वेगळी पडतात : पॅरिसमध्ये 'देज्योने' म्हणजे दुपारचं जेवण, क्वेबेकमध्ये सकाळची न्याहारी. बोलावणं आलं तर वेळ विचारून घ्या. शिव्या सगळ्या चर्चमधल्या वस्तूंच्या. 'ताबारनाक' ऐकलात तर समोरचा चिडला आहे एवढं समजा, आणि स्वतः वापरू नका.

एका बाबतीत क्वेबेक पॅरिसपेक्षा काटेकोर आहे. पॅरिसवाला 'वीकेंड' म्हणतो, क्वेबेकवाला 'फँ द स्मेन'. ईमेलसाठी 'कुरिएल' हा शब्द क्वेबेकने चालवला आणि तो पुढे फ्रान्सनेही उचलला. आपल्याकडे 'महापौर' रुळला तसाच.

मूळ रहिवाशांच्या भाषांचं काय?

हा प्रश्न विचारणारे थोडे असतात, म्हणून त्यांचे आभार मानावेसे वाटतात. कॅनडात सत्तरहून जास्त मूळ भाषा आहेत आणि देशपातळीवर त्यातली एकही अधिकृत नाही. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवत, तिथे त्यांना मातृभाषा बोलल्याबद्दल मार दिला गेला. इंग्रजी शाळांत तसाच, फ्रेंच शाळांतही तसाच. २०१९ मध्ये या भाषांच्या जपणुकीसाठी केंद्राने वेगळा कायदा केला. उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात इनुइट भाषा इंग्रजी-फ्रेंचच्या जोडीने अधिकृत आहे, वायव्य प्रदेशात तर एकूण अकरा अधिकृत भाषा. २०२१ मध्ये मेरी सायमन गव्हर्नर जनरल झाल्या. त्या इनुक्टिटुट आणि इंग्रजी बोलतात, फ्रेंच येत नव्हती, आणि तक्रारींचा पाऊस पडला. त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी सरकारी शाळेत फ्रेंच शिकवलीच जात नव्हती. दोन अधिकृत भाषांच्या चौकटीत तिसरी, सगळ्यांत जुनी भाषा कुठे बसवायची, याचं उत्तर देशाने अजून दिलेलं नाही.

फ्रेंच टिकेल का?

घरात मुख्यतः फ्रेंच बोलणाऱ्यांचं देशातलं प्रमाण २०१६ मध्ये २० टक्के होतं, २०२१ मध्ये १९.२ झालं. संख्या थोडी वाढली, वाटा घटला. क्वेबेकमध्ये ती टिकेल असं मला मनापासून वाटतं. शाळा, कायदा, नाटक, दूरदर्शन, सगळं तिच्या पाठीशी आहे. सास्काचेवानच्या गव्हाच्या शेतांमधल्या छोट्या फ्रेंच गावांबद्दल एवढ्या खात्रीने बोलवत नाही. तिथे शाळा बंद पडली की दहा वर्षांत गावाची भाषा बदलते.

मॉन्ट्रियलच्या दुकानात शिरल्यावर काय बोलावं?

"बोंजूर." कितीही मोडका असला तरी. शहराच्या मध्यभागी विक्रेते अनेकदा "बोंजूर-हाय" म्हणतात, तुम्ही कुठल्या भाषेत उत्तर देता ते पाहायला. प्रांताच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये एकमताने ठराव करून नुसतं "बोंजूर" म्हणा अशी विनंती केली, तरी "हाय" अजून आहेच. तुम्ही "बोंजूर" म्हटलंत आणि पुढे अडखळलात, तर समोरचा बहुधा हसून इंग्रजीवर येईल. तेव्हा "फ्रेंचमध्येच बोला, मी शिकतोय" एवढं सांगायला आधी पाठ करून ठेवा : "आँ फ्राँसे, सिल वू प्ले, जाप्राँ." माझ्या अनुभवात त्यावर बहुतेक जण थांबतात, वाक्य पुन्हा सावकाश म्हणतात, आणि सुटे पैसे मोजतानाही फ्रेंचमध्ये मोजतात.